पापलेटांवर चाललेली मीटिंग

मुसअबचा लॅपटॉप तापला की आधी जोरात घरघरायचा आणि मग गपकन बंद पडायचा. मागच्या दोन मीटिंगमधून मुसअब असाच बोलता बोलता गायब झाला होता. मुंबईहून त्याच्या मॅनेजर ऋतिका मॅडमनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर सोमवारपासून ऑफिसला यायचं." म्हसळ्याचं घर आणि अम्मीच्या हातचं जेवण सोडून पुन्हा चौघांच्या खोलीत गादी टाकायची, या विचारानंच त्याला घाम फुटला.

आज सगळ्या टीमसमोर त्यालाच बोलायचं होतं, आणि मीटिंगच्या आधीच लॅपटॉपवर हात ठेववेना.

"अम्मी, बर्फ हाय का?"

"बर्फ न्हाय, पापलेटं हायत," रहिमुन्निसा फ्रीजर उघडून म्हणाली. "दगडासारखी झालीत. ठेव खाली."

मुसअबला दुसरं काही सुचेना. त्यानं पापलेटं पिशव्यांसकट ताटात मांडली, वर जाड टॉवेल घातला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. घरघर थांबली! मुसअब रंगात येऊन बोलू लागला. मॅडम चक्क मान डोलवत होत्या.

तेवढ्यात श्रीवर्धनहून मामू आले. सहकुटुंब, न कळवता.

दार हळूच उघडलं. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रहिमुन्निसा कमरेत वाकून आली आणि तिनं टॉवेलखालची एक पिशवी ओढली. लॅपटॉप कलला. मुंबईच्या पडद्यावर मुसअब तिरका झाला.

"अम्मी, नको ना!" तो दातओठ खात पुटपुटला.

"अरे, मामू काय जेवल्याबिगर जाईल? एवढंच नेते."

पण मामूंच्या मागोमाग दुसऱ्या रिक्षातून त्यांची मुलंही उतरली, तशा तिच्या फेऱ्या वाढल्या. लॅपटॉप पुन्हा घरघरू लागला. शेवटचं पापलेट मुसअबनं घट्ट धरून ठेवलं.

"सोड रे ते!"

"न्हाय सोडणार! हेच्यावर माझी नोकरी हाय!"

माईक चालूच होता.

"कशावर?" मॅडमनी विचारलं.

मुसअबचा चेहरा पडला. "पापलेटवर, मॅडम," तो म्हणाला आणि त्यानं ते उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याच क्षणी पडदा काळा झाला.

तो डोकं धरून बसला. स्वयंपाकघरातून तळणीचा खमंग वास आला, पण त्याची भूकच मेली होती. मग फोन वाजला. ऋतिका मॅडम!

"सॉरी मॅडम, सोमवारी येतो मी."

"तू कशाला येतोस? तू मीटिंगमधून गायब झाल्यापासून इथे फक्त पापलेटचीच चर्चा चाललीय. आपला विनेश तर रडायच्या बेतात आहे, मेसचं जेवतो बिचारा. सगळ्यांचं ठरलंय, पुढची मीटिंग म्हसळ्यात. तुझा नवा लॅपटॉप मी सोबत आणते. तू फक्त अम्मींना विचार."

मुसअबनं धावत जाऊन विचारलं. रहिमुन्निसानं तव्यावरचं पापलेट शांतपणे उलटलं.

"येऊ दे की. पण सांग त्यांना, आपापले लॅपटॉप घरूनच थंड करून आणा. माझ्या फ्रीजरला कुणी हात लावायचा न्हाय."