पुढून स्कूटर, मागून गाडी

शेठच्या एकूण अकरा गाड्या होत्या! दोन पांढऱ्या, तीन काळ्या, एक लाल, जिचं छत बटण दाबलं की डब्याच्या झाकणासारखं उघडायचं, आणि उरलेल्या अशा रंगांच्या की त्या रंगांना आपल्याकडे नावंच नाहीत. वय वर्षं चोवीस. या वयात अकरा गाड्या म्हणजे कौतुकाचीच गोष्ट! त्यातली एकही त्याची नव्हती आणि एकही त्याला चालवता येत नव्हती, एवढी बारीकशी उणीव सोडली तर सगळं जागच्या जागी होतं.

शेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाड्यांना पॉलिश करण्याच्या ज्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता, तिथल्या पोरांनी ते ठेवलेलं. हात मात्र बावनकशी! त्याने घासलेल्या बॉनेटवर माशी बसली तर घसरून खाली पडते, असं पोरं शपथेवर सांगत. गाडी तयार झाली की मालक ती शेडच्या दारातल्या उजेडात आणून लावत, नंबराच्या पाटीवर फडकं टाकलं जाई आणि वर्कशॉपच्या जाहिरातीसाठी शेठ फोटो काढी. गिऱ्हाइकाचा नंबर जगाला दिसू नये म्हणून फडकं. वर्कशॉपसाठी एक फोटो निघे आणि शेठच्या स्वतःच्या खात्यासाठी सतरा. या सतरांत एप्रन उतरलेला असे, काळा चष्मा चढलेला असे, आणि खाली लिहिलेलं असे, "मेहनत केली की मिळतं." मेहनत त्याने केलीच होती. तेवढं खरं होतं.

"लोकांना गाडी दिसली पाहिजे. कागद कोण बघतंय!" हे शेठचं तत्त्वज्ञान. नऊ हजार लोक त्याला फॉलो करत होते आणि नऊ हजारांतल्या एकानेही आजवर कागद मागितला नव्हता.

मग एकाने मागितला. 'खरंखोटं९९' असं त्याच्या खात्याचं नाव.

"शेठ, प्रत्येक फोटोत पाटीवर फडकं का? गाडीला सर्दी झालीय?"

खाली दोनशे जण हसले. शेठचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागेना.

"नंबर दाखव. वाहन खात्याच्या अ‍ॅपवर टाकला की मालकाचं नाव येतं. पुरावा दाखव!" खरंखोटं९९ने पुन्हा लिहिलं.

इथे शेठचं डोकं चाललं. एरवी न चालणारं डोकं एकदम चाललं की माणसाने खरं तर एक दिवस रजा घ्यावी. पण शेठ कामावर गेला. त्याचा विचार असा : अ‍ॅपवर मालकाचं नाव दिसतं ना? मग ज्या नंबरावर आपल्या घरचं आडनाव दिसेल, असा नंबर गाडीवर लावायचा! असा नंबर जगात एकच होता. बाबांच्या स्कूटरचा.

ही स्कूटर तेवीस वर्षांची होती. रंग फिका हिरवा, म्हणजे पूर्वी. चालू करायला चौदा लाथा लागत आणि चालू झाल्यावर ती पस्तिसाच्या पुढे जात नसे. शेठने कोपऱ्यावरच्या पाटीवाल्याकडून त्या नंबराची, पण मोटारीच्या मापाची पाटी करून घेतली. पाटीवाल्याने एक अक्षर विचारलं नाही. त्याने याहून वाईट पाट्या केल्या असतील.

संधीही चालून आली. एका वकीलबाईंची नवी कोरी काळी गाडी पॉलिशला आली. पुढच्या बंपरवर यंत्र फिरवायचं तर आधी पुढची पाटी उतरवावी लागते, नाहीतर कडेला यंत्राचा स्पंज फाटतो. शेठने पाटी उतरवली, ट्रेमध्ये ठेवली, गाडी घासली, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःची पाटी लावून एकोणीस फोटो काढले. फडक्याशिवाय!

एवढ्यात मालकांची हाक आली, "शेठ! इकडे ये रे!"

मालक मोठ्या खुशीत होते. म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसरी शेड सुरू करतोय. तिचा मुख्य कारागीर तू. हाताखाली चार पोरं."

"मी?"

"तूच. पण एक ऐक. गिऱ्हाइकाच्या गाडीशी कुणी खेळ केल्याची एक, फक्त एक तक्रार आली, तर ज्या दाराने आलास त्याच दाराने जायचं. आईची शपथ घालून काही उपयोग व्हायचा नाही."

शेठ हवेत तरंगत परत आला, तर शेडमधली जागा रिकामी! वकीलबाई आल्या होत्या, पोरांकडून किल्ली घेतली होती आणि गेल्या होत्या. ट्रेमध्ये त्यांची पाटी शांतपणे पडून होती.

म्हणजे आता शहरात एक गाडी फिरत होती, जी मागून पाहिलं तर वकीलबाईंची गाडी होती आणि पुढून पाहिलं तर बाबांची स्कूटर.

शेठने स्वतःला धीर दिला. स्वतःच्या गाडीची पुढची पाटी कोण बघतं? माणूस आत बसलेला असतो! पुढे कधीतरी बदलता येईल. संध्याकाळी त्याने फोटो टाकला. खरंखोटं९९चा जबाब दहा मिनिटांत हजर.

"आडनाव जुळलं. मानलं! फक्त अ‍ॅपवर 'वाहनाचा प्रकार : स्कूटर' असं लिहिलंय. रंग हिरवा."

"खात्याची चूक आहे. दुरुस्तीचा अर्ज दिलाय," शेठने लिहिलं.

लोकांनी खात्याला भरपूर शिव्या घातल्या. सरकारी खात्याची चूक म्हटलं की आपले लोक पुरावा मागत नाहीत.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी शेठ घरी आला, तर बाबा दारातच उभे. हातात मोबाइल.

बाबांची ओळख करून द्यायला हवी. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक. तापमापकावर साडेसव्वीस असेल तर साडेसव्वीस लिहिणार, सत्तावीस नाही. हेडमास्तरांनी सांगितलं तरी नाही. मुलाच्या अकरा गाड्यांबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं, कारण त्यांचा मोबाइल निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपपलीकडे कधी गेला नव्हता.

"वाच," ते म्हणाले.

शेठने वाचलं. वाहतूक खात्याचा संदेश होता. अमुक नंबराचं वाहन मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी विमानतळ रस्त्यावर ताशी एकशे अडतीस किलोमीटर वेगाने जाताना कॅमेऱ्यात आढळलं. पहिलीच वेळ असल्याने ताकीद देण्यात येत आहे. फोटोत काचेवर ऊन चमकून सगळं पांढरंफटक झालं होतं. त्यातून पाटी तेवढी स्पष्ट दिसत होती.

शेठच्या पायाखालची फरशी सरकली. "बाबा, हे काहीतरी चुकून..."

"चुकून कसं? मंगळवारी सकाळी मी विमानतळ रस्त्यानेच गेलो होतो. पेन्शनच्या कागदांसाठी."

"पण एकशे अडतीस?"

"मलाही तेव्हा जाणवलं होतं. वारा मागून होता."

"बाबा, आपल्या स्कूटरला चढावर मी ढकलतो!"

"हे बघ," बाबा शांतपणे म्हणाले, "यंत्राचं वाचन आधी. आपलं मत नंतर. एकतीस वर्षं मी हेच करत आलो."

आणि त्यांनी तो संदेश ग्रुपवर टाकलेलासुद्धा होता! एका निवृत्त गणित शिक्षकाने लिहिलं होतं, "धन्य!" पीटीच्या सरांनी लिहिलं होतं, "या वयात जपा." कोपऱ्यावरचे गॅरेजवाले मामा दहा वर्षं म्हणत होते, दाजी, ही भंगारात काढा. बाबांनी संदेशाची छापील प्रत काढून ती मामांच्या गॅरेजात, त्यांच्याच खिळ्याला, अडकवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी शेठने वकीलबाईंना फोन लावला. "मॅडम, पॉलिशची मोफत तपासणी आहे. फक्त निवडक गिऱ्हाइकांना!"

वकीलबाई आल्या. मालक बाहेर गेले होते. शेठ स्क्रूड्रायव्हर घेऊन बंपरसमोर पालथा पडला. एक स्क्रू निघाला. दुसऱ्याने जीव खाल्ला. डोळ्यांसमोर दोन काळे बूट येऊन थांबले.

"पॉलिश पाटीच्या मागे तपासतात का?"

"हो... म्हणजे... तिथे ओल साचते, मॅडम."

"आणि तुमच्या खिशातून माझा नंबर का डोकावतोय?"

वकिलाला खोटं सांगायचं तर तयारी लागते. शेठने सगळं खरं सांगून टाकलं. अकरा गाड्या, एकोणीस फोटो, बाबांची ताकीद, सगळं. वकीलबाईंनी आधी आपली पाटी त्याच्याकडून जागेवर लावून घेतली. मग म्हणाल्या,

"वेग माझा, आणि ताकीद तुमच्या वडिलांना? हे मला चालणार नाही. उद्या अकरा वाजता वाहतूक कार्यालयात या. वडिलांना आणा. तुम्ही तुमचं लिहून द्यायचं, मी माझं."

"मॅडम, मालकांना कळलं तर माझी नोकरी जाईल. चार पोरं मिळणार होती हाताखाली!"

"कळेलच. लेखी असणार ते."

त्या संध्याकाळी शेठला खरेपणाचा ताप चढला. नाहीतरी सगळं जाणारच, मग आपल्या हाताने तरी घालवू! त्याने खात्यावर लिहिलं, "यातली एकही गाडी माझी नाही. मी गाड्या पुसतो."

पहिली प्रतिक्रिया : "एवढं मिळवूनही किती साधा माणूस!"

दुसरी : "शेठ, पाय जमिनीवर असावेत तर असे!"

तिसरी खरंखोटं९९ची : "पुसतो? पुरावा दाखव."

रात्री जेवताना त्याने बाबांना सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे ती एकशे अडतीसने गेली नाही?"

"नाही, बाबा."

"साधारण किती गेली असेल?"

"तीस."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "उद्या लवकर निघू. तिला चालू व्हायला वेळ लागतो."

वाहतूक कार्यालयात एक लांब बाक, त्यावर दहा चिंताग्रस्त माणसं आणि एक खिडकी होती. वकीलबाई अजून पोचल्या नव्हत्या. शेठच्या खिशात कबुलीचा कागद घामाने भिजून चालला होता. दुसरी शेड, हाताखालची चार पोरं, सगळी त्या कागदात विरघळत होती. नंबर पुकारला गेला. बाबा पुढे झाले, शेठ मागे.

खिडकीतल्या साहेबांनी संगणकात पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग खिडकीतून वाकून बाहेर उभ्या असलेल्या स्कूटरकडे पाहिलं.

"काका, ही तुमची?"

"हो."

"ही एकशे अडतीसने गेली? काहीतरी घोळ दिसतोय. कुणी तुमचा नंबर वापरतंय का? तसं असेल तर सांगा, आत्ता शोधून काढतो."

शेठने खिशातून कागद काढला. जगात साडेसव्वीसला सत्तावीस न म्हणणारा एकच माणूस त्याच्यापुढे उभा होता. आता तो माणूस तोंड उघडणार आणि आपली नोकरी जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"उतार होता," ते म्हणाले.

"काय?"

"उतार होता, साहेब. आणि वारा मागून होता. कुठे सही करू?"

साहेबांनी 'ताकीद मान्य' असा शिक्का मारला, सही घेतली आणि पुढचा नंबर पुकारला. त्यांच्यामागे दहा माणसं होती.

वकीलबाई धावतपळत आल्या तेव्हा दोघं पायऱ्या उतरत होते. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "लेखी कबुली दिलीत? मग आता मी काय करणार! कबुलीजबाबापुढे वकिलाचं चालत नाही." हरलेल्या खटल्याचा चेहरा करून त्या गाडीत बसल्या आणि निघून गेल्या. जरा जोरातच.

शेठ बाबांच्या मागोमाग स्कूटरपाशी आला. आयुष्यात कधी अर्धा अंश इकडचा तिकडे न करणारा माणूस! "बाबा," तो म्हणाला, "माझ्या नोकरीसाठी तुम्ही खोटं बोललात!"

"तुझी नोकरी?" बाबा लाथ मारता मारता थांबले. "अरे हो, ती पण होती, नाही का!" आणि त्यांनी अकरावी लाथ मारली. "ग्रुपवरची मंडळी रविवारी स्कूटर बघायला येतायत. त्यांना काय सांगणार होतो मी, तीस?"

चौदाव्या लाथेला स्कूटर चालू झाली. शेठ मागे बसला. मुख्य रस्त्याला लागल्यावर दप्तर लावलेली एक मुलगी सायकलवरून त्यांच्या बाजूने पुढे निघून गेली. मग तिचा धाकटा भाऊ गेला. त्याची सायकल तीन चाकांची होती.

"मुद्दाम सावकाश चालवतोय," बाबा मागे न बघता म्हणाले. "ताकीद मिळालेल्या माणसाने जपून राहावं."