एका दिवसाचं मौन आणि चकलीचा सोऱ्या

नाताळच्या आधी मी रिट्रीटला जायचं ठरवलं, त्यामागचं कारण शुद्ध आध्यात्मिक होतं. (त्याच शनिवारी घरी चकल्या होत्या, हा निव्वळ योगायोग.)

आमच्याकडे भाजणी मळायची सलोमीने आणि सोऱ्या दाबायचा मी, असा लग्नापासूनचा रिवाज. यंदा तिचं मनगटही दुखत होतं. पण सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "शनिवारी शहराबाहेर, वाडीच्या पुढे दिवसभराचं मौन रिट्रीट आहे. प्रभू येशूसुद्धा गर्दी सोडून एकांतात जात असे."

मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. मंडळीत खसखस पिकली. (मी जेवणाआधीची प्रार्थना करायला उभा राहिलो की बायका भाजी पुन्हा गरम करायला जातात, अशी माझी ख्याती आहे.)

"अवो, शनिवारी तं मी बी..." घरी आल्यावर सलोमी म्हणाली.

"आत्म्याले भूक लागली आहे वं! चकल्यांचं मंगळवारी पाहू."

"ऐकून तं घ्या ना जी! भगिनी मंडळाचं..."

"मंडळाले माहा सलाम सांग," म्हणत मी तिला एकांताचे फायदे समजावू लागलो. ते संपेपर्यंत ती झोपली होती.

शनिवारी उठलो तर ती घरात नव्हती. रुसून बहिणीकडे गेली असणार, असं म्हणून मी निघालो.

रिट्रीटला मोबाइल जमा, तोंड बंद. शास्त्रपाठ झाला, मग चिंतनासाठी कडुनिंबाखाली बसलो आणि छान डुलकी लागली. जाग आली ती पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा. सेवेचा तास सुरू झाला होता. त्यांनी हाताला धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

तिथे अख्ख्या चर्चच्या नाताळसाठी परातभर भाजणी मळलेली, भोवती पदर खोचून आमचं भगिनी मंडळ, आणि मधोमध मंडळाची सचिव, म्हणजे सलोमी. तिने मुकाट्याने सोऱ्या माझ्या हातात दिला.

नाही म्हणायलाही तोंड लागतं! मी पाठीला हात लावून, चेहरा पाडून पाहिला. पाळकसाहेबांना तो पश्चात्ताप वाटला. त्यांनी डोळे मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग मी दाबत राहिलो, ती तळत राहिली. एरवी बोलण्याच्या नादात तिच्याकडे बघायचं राहूनच जातं. त्या दुपारी बघितलं. झारा उचलताना ती दर वेळी डाव्या हाताने उजवं मनगट धरत होती. मला फार वाईट वाटलं. मी झाराही काढून घेतला. ती हसली आणि गरम चकली मोडून अर्धी माझ्या तोंडात घातली. लग्नानंतर इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

संध्याकाळी घंटा झाली, मौन सुटलं. आपापल्या अनुभवाची साक्ष द्यायला पहिला मीच उठलो. "बंधुभगिनींनो, मौनाचं मोल मला आज कळलं..." इथून सुरुवात करून मी ते मोल सविस्तर सांगितलं. चहा गार झाला, तो पुन्हा गरम झाला, पुन्हा गार झाला.

शेवटी पाळकसाहेबांनी सलोमीला विचारलं, "ताई, तुम्हाला काय लाभ झाला?"

ती उभी राहिली. माझ्याकडे तिने इतक्या मायेने पाहिलं की माझे डोळेच भरून आले.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "हे मौन आठवडाभराचं नसते का जी?"