सात नंबरचा खटका

आजवर रेकॉर्ड झालेल्या गाण्यांत सगळ्यात चांगलं गाणं कोणतं, यावर आमलीच्या एका धाग्याच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तीन आठवडे वाद चालू होता. रोज एक ते दीड. दीडचा भोंगा झाला की मंडळी वाद अर्धवट टाकून मशीनवर जात आणि दुसऱ्या दिवशी डबे उघडता उघडता तिथूनच पुढे चालू करत.

प्रॉडक्शन मॅनेजर श्रीधरराव मूळचे पुण्याचे. गाणं म्हणजे आलाप आणि ताना, आणि गाणारा शक्यतो हयात नसावा, असं त्यांचं मत होतं. सात नंबर मशीनवरचा भिका धुळ्याकडचा. ज्यावर वरातीतलं घोडं नाचत नाही ते गाणं भिका मोजतच नसे. लॅबमधली जया दोघांनाही मान डोलावायची आणि तेवढ्यात आपली भाजी संपवायची.

भिकाचा जीव मात्र त्या दिवसांत गाण्यापेक्षा मशीनमध्ये जास्त अडकला होता. शुक्रवारी गावी त्याच्या लेकीचा, सोनमचा साखरपुडा होता. मशीन बंद पडलं की त्यावरच्या माणसाची रजा रद्द, असा कारखान्याचा रिवाज होता. आणि सात नंबर पंधरा दिवस आवाज करत होतं.

"साहेब, सात नंबर खट-खट करी राह्यलं. मेंटेनन्सला सांगा ना," भिका रोज म्हणायचा.

"रेकॉर्डिंग केलंय ना मी फोनवर? निवांत ऐकतो आणि मग सांगतो."

तो निवांतपणा काही साहेबांना लाभत नव्हता. गाण्याच्या वादातून वेळ कुठे होता?

सोमवारी श्रीधररावांनीच तोडगा काढला. "आपण मालाची तपासणी करतो तशी गाण्याची करू. कोणाचं गाणं ते न सांगता जया वाजवेल. प्रत्येकाने चिठ्ठीवर दहापैकी मार्क लिहायचे." गाणी दोनच होती, त्यामुळे कोणतं कोणाचं हे सगळ्यांना कळणारच होतं. पण ते साहेबांना कोण सांगणार?

श्रीधररावांना स्वतःच्या विजयाची खात्री होती. पुण्याच्या एका जाणकार मित्राने त्यांना खाजगी मैफलींची बारा रेकॉर्डिंग पाठवली होती आणि बजावलं होतं, "सात नंबर ऐक. त्याच्या वरचं काही नाही." श्रीधरराव चार नंबरपर्यंत पोचले होते. पाचव्याला झोप लागली होती. तरी सात नंबरचं वर्णन ते तीन आठवडे न चुकता करत होते.

मंगळवारी एक वाजता त्यांनी फोन जयाच्या हातात दिला. "माझं सात नंबर लाव."

जया पाच वर्षं या कारखान्यात होती. सात नंबर म्हणजे काय, हे तिला विचारायची गरज नव्हती. फोनमध्ये 'सात नंबर' नावाचं रेकॉर्डिंग तिला लगेच सापडलं.

आधी भिकाचं बँडवालं गाणं झालं. पाच नंबर मशीनवरच्या वाल्मिकने टेबलावर ठेका धरला. मग दुसरं सुरू झालं. मागे एकसारखी घरघर, मध्ये मध्ये खट, आणि त्यावर कोणीतरी नाकातून गुणगुणत होतं.

श्रीधररावांनी डोळे मिटले. "जुनं रेकॉर्डिंग आहे, थोडी खरखर असणारच. पण तंबोरा बघा कसा भरलेला आहे."

"हौ साहेब," वाल्मिक म्हणाला.

"आणि तो खटका ऐकलात? पुन्हा आला बघा. असा खटका घ्यायला जन्म घालवावा लागतो. आजच्या गायकांना नाही जमत."

भिकाने चपातीचा घास खाली ठेवला. "साहेब, हा खटका तर मी वळखतो."

"तू? कुठे ऐकलास?"

"रोजच ऐकी राह्यलो."

श्रीधरराव कौतुकाने हसले. "म्हणजे तुझाही कान तयार होतोय."

चिठ्ठ्या आल्या. साहेबांचे साडेनऊ. साहेबांचा चेहरा बघून वाल्मिकचे नऊ, जयाचे नऊ. भिकाचे दोन, आणि खाली शेरा: 'गाणारा बेसूर.'

"बेसूर?" श्रीधरराव दुखावले. "अरे, तो आवाज कोणाचा आहे माहीत आहे का तुला?"

तेवढ्यात फोनमधली गुणगुण थांबली आणि साहेबांचा स्वतःचा आवाज आला, "भिका, जरा गप्प बस. हं. मशीन नंबर सात, बेअरिंगचा आवाज, तारीख बारा."

जयाने डब्याचं झाकण अगदी सावकाश लावलं. श्रीधरराव कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी फोन उचलला आणि मेंटेनन्सला बोलावलं.

तासाभरात बेअरिंग बाहेर आलं. मेंटेनन्सचा गुजराती माणूस ते हातात फिरवत म्हणाला, "साहेब, बे दिवसमां जाम थई जात." दोन दिवसांत जाम झालं असतं, म्हणजे बरोबर गुरुवारी. भिकाने ते बेअरिंग बघून हात जोडले. साहेबांना की बेअरिंगला, ते कळलं नाही.

सोमवारी तो पेढे घेऊन आला. साखरपुडा छान झाला होता, घोडं नसूनही सगळे नाचले होते. श्रीधररावांनी दोन पेढे खाल्ले आणि सात नंबरपाशी उभे राहिले. मशीन गुपचूप चाललं होतं.

"काय भिका, आज गुणगुणणं बंद?"

"जमी नाही राह्यलं साहेब," भिका खिन्नपणे म्हणाला. "खटका गेला ना."

श्रीधररावांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच फोन बाहेर काढला. "पुसलेलं नाही मी. लावू?"