हौसेचे पंच नरोत्तमभाई

माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आलेले सगळे पाहुणे "घर छान झालंय हो" म्हणून सरळ पंगतीकडे वळले. नरोत्तमभाई मात्र दारातच थांबले. चपला काढल्या, टोपी सारखी केली, चारी दिशांना सावकाश मान फिरवली आणि अख्ख्या लोणखेड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पूर्वेस सार्वजनिक रस्ता. पश्चिमेस शेजाऱ्याचा गोठा, त्यात एक म्हैस, बसलेल्या स्थितीत. उत्तरेस मोकळी जागा. दक्षिणेस आचारी, अंगात सदरा नाही."

आचाऱ्याने घाईघाईने सदरा चढवला. माझ्या घराचं कौतुक झालं होतं की घरावर छापा पडला होता?

तर असे हे नरोत्तमभाई. तापीकाठच्या एका गावातले खाऊनपिऊन सुखी गुजर शेतकरी. पोरं सुरतेला धंद्यात, केळी-उसाचं सालदार बघतो. या माणसाला ना पत्त्यांचा शौक, ना राजकारणाचा. शौक एकच, पंच होण्याचा. ग्रामपंचायतीचा नव्हे हो, पोलिसांच्या पंचनाम्याचा!

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कुठे अपघात झाला, चोरी झाली की दोनशे माणसं गोळा होतात. हवालदाराने नुसतं म्हणावं, "दोन पंच लागतील," की रस्ता असा मोकळा होतो की वाटावं इथे कधी वस्तीच नव्हती. पुढे कोर्टाच्या चकरा कोण मारणार? अशा वेळी समोरून मोपेडवर नरोत्तमभाई हजर. "पंच कोन शे? कोनीच नही? मी शे ना! मन्हं नाव लिखा."

एकदा केळीचा ट्रक उलटला. लोक घड उचलायला पळत होते आणि हे एकटे उलट्या ट्रककडे. हवालदार लिहायला बसला तर हे मागून मजकूर सांगायला लागले. "साहेब, 'समोर' नका लिखू, 'समक्ष' लिखा. भारी दिखस." हवालदार इतका दमला, की शेवटी त्याने पेनच यांच्या हातात दिलं.

बोलणं घरचं अहिराणी, पण काही वर्णन करायची वेळ आली की भाई एकदम सरकारी मराठीत शिरतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर परत येऊन सांगतात, "वय अंदाजे चोवीस, बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत." लग्न जमलं हे नशीब! माझ्याकडे जेवायला बसले तर ताटाच्याही चतुःसीमा. पूर्वेस ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पश्चिमेस ठेचा, मधोमध वांग्याचं भरीत, वाफा निघत असलेलं.

ही हौस मोडली ती कोर्टातच. एका चोरीच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाने यांना विचारलं, "तुम्ही पोलिसांचे नेहमीचेच पंच दिसता?" दुसरा कुणी सावध झाला असता. आमच्या भाईंची छाती फुगली. "हा साहेब, आवड शे!" वकिलाला आणखी काय पाहिजे? पोलिसांच्या घरचाच पंच म्हणून साक्षीचा बोऱ्या वाजला, सरकारी वकिलाने कपाळावर हात मारला आणि ठाण्यातून निरोप आला की भाई, आता तुम्ही आराम करा. खरं बोलून बिचारे बेकार झाले.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचं गोष्टीचं खूळ निघालं. निलेश म्हणून एक आहे, लोणखेड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात भविष्यकाळात राहतो. त्याच्या डोक्यात आलं की चौघांनी मिळून एक सायबरपंक गोष्ट लिहायची. म्हणजे काय, तर अजून तीस-चाळीस वर्षांनंतरचं नंदुरबार, प्रत्येकाच्या कानामागे चिप, आकाशात ड्रोन, रस्तोरस्ती निळे-जांभळे दिवे, पण खड्डे तसेच. आणि या सगळ्यात गुन्हेगारांच्या मागे लागलेलं पोलिसांचं 'सायबर विशेष पथक'. पाडव्याला वाचनालयात जाहीर वाचन करायचं ठरलं. एक निलेश, एक मी मराठीची मास्तरीण, एक सरकारी दवाखान्यातल्या वसावे सिस्टर, या सातपुड्यातल्या, काठी गावाजवळच्या. चौथं कोण म्हणून विचार चालला होता, तेवढ्यात मोबाइलची काच बदलायला नरोत्तमभाई आले. 'पोलीस पथक' हे दोन शब्द कानावर पडले आणि काच बाजूलाच राहिली.

दर रविवारी दुपारी दुकानात आमची बैठक. निलेशने पथकाची प्रमुख इन्स्पेक्टर तारा बनवली, तिच्यासोबत यंत्राचा कुत्रा दिला. भाईंची पहिली शंका, "कुत्राले भूक लागस का?" निलेश म्हणाला, तो चार्ज होतो. भाईंना वाईट वाटलं. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी एक झकास गुन्हा आणला. टोळीने नवापूरच्या पोल्ट्रीतला संगणक ताब्यात घेतलाय, सगळ्या कोंबड्यांना वाटतंय की पहाट होतच नाही, आणि अख्ख्या गुजरातची अंडी बंद! निलेश खुर्चीतून उठून नाचला. "भाई, कुठून सुचतं तुम्हाला?" भाई नुसते हसले.

भांडण झालं ते छाप्याच्या प्रकरणावर. तारा टोळीच्या अड्ड्यावर शिरते, ड्रोन सगळं टिपतात, खलास. भाईंनी हात वर केला.

"पंच कोन शे?"

"पंच नाहीत भाई. सगळं कॅमेऱ्यात येतं."

"दोन नको. एकच ठेव."

"अहो, त्या काळात पंच कोण घेईल? माणसाची गरजच नाही!"

"माणसाची गरज नही?" भाई उठून उभे राहिले. "कॅमेरा देखस, हाई खरं शे. पन घर जाईसन तो कोनले सांगस का?"

"कॅमेऱ्याला घर कुठाय भाई?" निलेश हसला. मीही हसले. भाई हसले नाहीत. मोपेड सुरू केली आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की "ऊस तोडणी शे" म्हणून ठेवून द्यायचे, आणि ऊस तर कधीच कारखान्यावर गेला होता!

त्यांच्याशिवाय बैठकीत काही राम उरला नाही. तारा पानभर नुसती धावायची, कुत्रा चार्जिंगला लावलेला. निलेश आपला हट्ट सोडेना. "एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी मी भविष्य बिघडवू का?" शेवटी वसावे सिस्टर कंटाळून म्हणाल्या, "तुमची टोळी पळून आमच्या काठीच्या होळीत आली तर? हजारो माणसं रात्रभर नाचतात. अंगभर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे नि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. कुठला ड्रोन चेहरा ओळखेल? तिथे माणूसच लागेल, जवळ जाऊन बघणारा." निलेशने हातातल्या मोबाइलचा स्क्रू घट्ट केला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही भाईंना घेऊन या."

मी त्यांच्या घरी गेले. पाडवा तोंडावर आलेला, आणि माणूस रुसून बसलेला. ओट्यावर भाई दिसले, पण दिसताच म्हणाले, "च्या सांगी येस," आणि आत पळाले. झोपाळ्यावर एक बाई बसल्या होत्या, काळा चष्मा, कपाळावर ठसठशीत कुंकू. भाईंची बायको, कमुबेन. मी कधी भेटलेच नव्हते. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या हातापासून वीतभर बाजूला आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मन्हा डोया गयात बेन," त्या अगदी सहज म्हणाल्या. "काचबिंदू. बठा ना. तुम्ही मास्तरीणबाई ना? मोरपंखी साडी नेसतस, आनि हसनात का पत्रा हालतस, त्याच ना?"

मी माझ्याकडे पाहिलं. शाळेत खडू, घरी पीठ, म्हणून मी वर्षानुवर्षं मातकट रंगच नेसते. आणि मोठ्याने हसणं? माझ्या न हसण्यावरून वर्गातली पोरं मला मागे काय म्हणतात ते इथे सांगत नाही.

मग त्या भरभरून बोलत सुटल्या. निलेश कसा राजबिंडा, केसांचा कोंबडा पाडणारा (निलेशला पुढून टक्कल आहे). वसावे सिस्टर इतक्या उंच की दारातून वाकून येतात. केळीचा ट्रक उलटला तेव्हा कशी वानरांची फौज आली आणि हवालदाराची टोपी घेऊन गेली. रोज संध्याकाळी भाई बाहेरून येत, झोपाळ्याशेजारी बसत आणि पूर्वेस काय, पश्चिमेस काय, सगळं सांगत. कुठेही काही घडलं की हा माणूस का धावायचा आणि शेवटपर्यंत का उभा राहायचा, ते मला आत्ता कळलं. घरी कुणीतरी वाट बघत होतं. ठाण्याने बोलावणं बंद केल्यावर सांगायला काही उरेना, तेव्हा आमची गोष्ट सापडली. आणि ती कोंबड्यांची पहाट? "ती मी सांगेल शे," कमुबेन लाजून म्हणाल्या. "माले पहाट कोंबडावरथीनच समजस."

मी झोपाळ्याजवळ सरकून बसले.

कमुबेननी स्वयंपाकघराकडे कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "हाऊ मानूस कोर्टमा कधीच खोटं बोलना नही. मन्हासंगे मात्र रोज बोलस. वानर कुठला ना काय! त्यासले वाटस इले काहीच समजत नही. तुम्ही सांगू नका हा." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मलाही आवरेना. मी हसले, चांगली खदखदून हसले, आणि ओट्यावरच्या पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की भाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येता येता दचकले.

"भाई," मी म्हटलं, "निलेशने पंच मान्य केलाय. काठीच्या होळीत. पण तो तुम्हीच लिहायचा."

भाईंनी ट्रे खाली ठेवला. खांद्यावरच्या उपरण्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "एकच का दोन?"

"दोन ठेवा," झोपाळ्यावरून कमुबेन म्हणाल्या. "एक बाई ठेवा. आनि तुमना पंचले जरासा कमी बोलू द्या."

पाडव्याच्या वाचनाला कमुबेननाही आणायचं ठरलं. सुरतेच्या पोरांनी गाडी पाठवायचं कबूल केलं. मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरून भाईंना विचारलं, "बेननी आज कोनता रंगनी साडी नेसेल शे?"

भाईंनी माझ्या मातकट साडीकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत पाहिलं. सगळा जन्म खरं सांगण्यात घालवलेला माणूस, पण चेहऱ्यावर अशी अजिजी की काय सांगू!

"मोरपंखीच," मी म्हटलं. "आणि काठ लाल आहेत."

परतताना शहाद्याला उतरले ती घरी गेलेच नाही. बाजारात तीन दुकानं पालथी घातली. मोरपंखी लगेच मिळाली, पण लाल काठांची काही मिळेना. चौथ्या दुकानातला पोरगा वैतागून म्हणाला, "मावशी, हिरव्या काठाची घ्या ना, काय फरक पडतो?"

"पडतो रे बाबा," मी म्हटलं, "मी साक्ष देऊन बसलेय. आणखी काढ."