सासऱ्यांच्या सत्तरीची फिल्म

"फिल्म मी बनवतो, बाहेरच्याला कशाला सांगायचं?" असं सोक्जू सासऱ्यांच्या देखत बोलून बसला आणि घरी येताच पस्तावला. सत्तरीच्या समारंभाला आठ दिवस उरले होते आणि मोबाइलवर फोटो काढण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं.

त्याने त्याच दिवशी तीन सॉफ्टवेअर धुंडाळली. एक दीड लाख वॉनचं, दुसरं दरमहा खिसा कापणारं, तिसरं खास नवशिक्यांचं, चौदा दिवस फुकट. त्याने तेच उतरवून घेतलं.

"विकतचं घे ना सरळ," त्याची बायको हेरान म्हणाली. "बाबांची सत्तरी एकदाच येते."

"म्हणून तर! एकाच फिल्मसाठी दीड लाख?"

फिल्म झालीही झकास. पण तयार फाइल समारंभाच्या सकाळीच निघाली. ती न बघताच त्याने पेनड्राइव्हवर घेतली आणि हॉल गाठला.

नव्वद पाहुणे. समोर फळांच्या आणि तांदळाच्या वड्यांच्या उंच राशी, त्यांच्यामागे हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून ताठ बसलेले सासरे. पार दारापाशी त्यांचे धाकटे भाऊ दुमान. आईवडिलांचं थडगं हलवण्यावरून दोघांत अकरा वर्षं अबोला होता. बायकोने ओढून आणलं म्हणून ते आले होते.

दिवे मालवले आणि पहिल्याच फोटोला सोक्जू खुर्चीतून ताडकन उठला. फोटोच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरक्या, जाड काळ्या पट्ट्या! त्यांवर बारीक अक्षरांत 'चाचणी आवृत्ती' लिहिलं होतं, पण ते वाचतो कोण? अशा पट्ट्यांचा फोटो कोरियात माणसं बघतात तो मयताच्या दालनात, पांढऱ्या शेवंतीत ठेवलेला.

"बंद कर आधी!" हेरान दातओठ खात कुजबुजली.

"कसं करू? प्रोजेक्टरच्या खोलीला कुलूप लावून तिथला माणूस जेवायला गेलाय!"

"आणि शेवटी कुठला फोटो आहे?"

शेवटी सासऱ्यांचा सुटातला फोटो होता. पडदाभर, कृष्णधवल, मागे रडवेला पियानो.

तो आला. सासऱ्यांचा चेहरा लाल होत चालला होता. सोक्जू जमीन दुभंगण्याची वाट बघत उभा राहिला.

"दादा!" दारापाशी हंबरडा फुटला. दुमान धडपडत पुढे आले, भावासमोर गुडघ्यांवर बसले आणि जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. "चुकलो रे मी, दादा!" उठले आणि त्या भरात पुन्हा वाकू लागले.

"अरे, एकच पुरे!" सासरे ओरडले. "दोन नमस्कार मेलेल्याला करतात! मी जिवंत आहे अजून!"

हॉल हसून लोळला. दोघे म्हातारे मात्र गळ्यात पडून रडत होते.

निघताना सासऱ्यांनी सोक्जूला गाठलंच. "जावईबापू, ती फिल्म..."

"माफ करा बाबा. आजच सॉफ्टवेअर विकत घेतो आणि पट्ट्या काढतो."

"खबरदार! दोन वर्षांनी दुमानची सत्तरी आहे. त्याचीही फिल्म तूच करायची, पट्ट्यांसकट. मलाही जरा मनसोक्त रडून घेऊ दे."

सोक्जूने मान डोलावली आणि गाडीत बसताच हेरानला म्हणाला, "काकांचे फोटो उद्याच गोळा कर. फुकटचे सहाच दिवस उरलेत."