बिनजकातीचं घिरट

भिवा सुताराला जकातीच्या तक्त्यानं फसवलं आणि त्याच्यापायी मला. पाठीवर मिठाच्या गोणी वाहून दुकान उभं केलेला माणूस मी. मला फसवणं सोपं नाही.

दुसरे सुतार लाकूड बघून वस्तू घडवतात. घाटावर संस्थानी हद्दीतल्या हिर्डोशीचा हा भिवा तक्ता बघून घडवी. अक्षरओळख नव्हती, पण घाटातल्या जकातनाक्यावर डकवलेला तक्ता त्यानं वाचून घेऊन तोंडपाठ केला होता. रंधा मारताना पुटपुटे, "घरगुती लाकडी वस्तू, माफ. यंत्र, जकात." एका लग्नात रुखवतावर नजर टाकून कशाला माफी, कशाला जकात हे त्यानं मोठ्यानं सांगितलं. वरपक्ष रुसला.

या भिवानं भात भरडायचं घिरट पायानं फिरेल असं केलं. हात लावायचं काम नाही. घाटाखाली इंग्रजी हद्दीत माझं दुकान. तिथल्या बायकांना मी आधीच सांगून ठेवलं.

भिवाच्या लेखी ही घरगुती लाकडी वस्तू, पण नाक्यावर कारकुनाला लोखंडी आस दिसला. म्हणजे यंत्र. जकात इतकी, की ती भरून घिरट कुणी घेतलं नसतं. मी तासभर घासाघीस केली, आवाज चढवला. कारकून तक्त्यावर बोट ठेवून बसून राहिला.

"भांडू नका शेठ," भिवा म्हणाला. "आस खैराचा करतो."

केला. मग मोठं चाक नडलं. चाक म्हणजे गाडीचा भाग. भिवानं चाक काढलं आणि त्याबरोबर, मला न सांगता, पाय मारायचा पायटाही, तोही नडून पुन्हा खेप नको म्हणून.

तिसऱ्या वेळी माल बिनजकात सुटला. दुकानात बायका जमल्या. मी गोणपाट सोडलं, तर आत त्यांच्या घरात होतं तसंच, हातानं ओढायचं घिरट. हसत निघून गेल्या.

जाब विचारायला मी तडक घाट चढून गेलो. पडवीत भिवाची विधवा बहीण भात भरडत होती, पायानं. उजवा हात लुळा. लोखंडी आस, मोठं चाक, सगळं जागच्या जागी.

"हे दे," मी म्हणालो. "जकात मी भरतो."

"हे न्हाई, शेठ. हात गेल्यापास्नं ही काम न करता ताटावर बसाया लाजायची. आता चार घरचं भात भरडती." मग खाली बघत म्हणाला, "कोकनातबी आशा बाया आसतीलच की. त्यांच्यासाठी धाडत व्हतो म्या."

त्याच्यावर ओरडायला गेलो होतो, ते राहिलं. भिवानं पुढं नवं काही काढलं नाही. पाट करतो, पोळपाट करतो. माफ.

तो तक्ता ज्यानं लिहिला, त्यानं एकदा हिर्डोशीच्या पडवीत येऊन बसावं आणि या बाईला तोंडावर सांगावं, तिच्यासारखीच्या दारात हे घिरट का जाऊ दिलं नाही.