पाहुण्यांना गाडीत बसवून देताना

रेल्वेच्या प्रवासाबद्दल काही विचारायचं असेल तर अख्ख्या जव्हारात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी! आता जव्हारात रेल्वे नाही, मोखाड्यात नाही, रूळ बघायचा म्हटला तरी दोन तालुके ओलांडून जावं लागतं, ही गोष्ट वेगळी. माझी सासुरवाडी भुसावळची. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला मी रेल्वेनं जातोय. एवढ्या अनुभवावर लोक पुस्तकं लिहितात!

तर, मी कचेरीत लिपिक, आणि माझी बायको नेत्रा घराच्या वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. यंदाच्या थंडीत आमच्याकडे एक जर्मन जोडपं उतरलं. इंग्रिडबाई आणि त्यांचे यजमान ओट्टो. वारली चित्रं शिकायला आले होते. इंग्रिडबाई निवृत्त शिक्षिका. एकदा सांगितलं की दगडावरची रेघ! शिरपामाळच्या टेकडीवर ‘कठड्याजवळ जाऊ नका’ म्हटलं, तर बाईंनी सगळा देखावा लांब एका झाडाला धरून पाहिला. ओट्टो विजेच्या खांबाएवढे उंच आणि सशाएवढे भित्रे. न्हाणीघरात पाल दिसली म्हणून साबण अंगावर तसाच ठेवून बाहेर आले होते.

इथून त्यांना बनारसला जायचं होतं. गाडी इगतपुरीहून. आदल्या दिवशी नाश्त्याला इंग्रिडबाईंनी मला विचारलं, “रेल्वेत आम्ही काय काळजी घ्यावी?”

झालं! नागलीची भाकरी ताटात तशीच ठेवून मी सुरू झालो.

“अनोळखी माणसाकडून काही खाऊ नका. बिस्कीट खाल्लं की डोळे मिटतात, ते उघडतात तेव्हा अंगावर फक्त बनियन!”

ओट्टोंनी हातातली भाकरी हळूच खाली ठेवली.

“बॅगांना साखळी लावा. चावी अशी लपवा की देवाला सापडता कामा नये. चारचौघांत कुणी मागितली तर द्यायची नाही, मग तो रडला तरी!”

“आणि टीसी?” बाईंनी विचारलं.

“तिथंच तर खरी मेख आहे! खोटे टीसी फिरतात. काळा कोट काय, कुठंही शिवून मिळतो. खरा टीसी तिकीट बघतो आणि पुढे जातो. पण ‘हा कोण, तो कोण, तुमचा काय संबंध’ अशा चौकशा करायला लागला, की समजायचं, खोटा! मग काहीही विचारू दे, एकच उत्तर. नाही, नाही!”

“नाही, नाही,” इंग्रिडबाईंनी घोकलं. मान हलवूनसुद्धा दाखवली.

“अहो,” नेत्रा आतून म्हणाली, “त्यांना पाठवताय की घाबरवताय? बघा, ते बिचारे पांढरे पडलेत.”

“ते मुळातच पांढरे आहेत!” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रानं गाडी काढली. ती चालवते, मी शेजारी बसून रस्ता दाखवतो. मोखाडा गेलं, खोडाळा गेलं, मागच्या सीटवर दोघं एकमेकांना चिकटून! एका वळणावर म्हातारीनं करवंदाच्या लोणच्याची बाटली काचेजवळ धरली, तर ओट्टो किंचाळले.

इगतपुरीला रेल्वे आली. नेत्रा फलाटावर थांबली आणि मी पाहुण्यांना जागेवर बसवायला डब्यात चढलो. “चटकन उतरा हं,” ती म्हणाली. मी हसलो. मला सांगते!

दोन्ही बॅगा बाकाखाली सरकवल्या आणि म्हटलं, साखळी कशी लावतात ते आपणच दाखवावं. वाकलो. साखळी या कडीतून त्या कडीत, तिथून पट्ट्यात, आणि कुलूप, खट्! चावी इंग्रिडबाईंच्या हातात दिली. “आता लपवा,” म्हणालो आणि रुबाबात उठायला गेलो.

उठता येईना!

साखळी ज्या पट्ट्यातून ओवली होती, तो माझ्याच पिशवीचा होता. पिशवी माझ्या गळ्यात तिरकी अडकवलेली. खुंटीला बांधलेल्या बोकडासारखा मी बाकाखाली मान घालून ओणवा! इतक्यात भोंगा वाजला.

“चावी! चावी द्या!” मी ओरडलो.

इंग्रिडबाईंनी आजूबाजूला पाहिलं. समोर एक जाडजूड बाई डबा उघडून बसल्या होत्या, वरच्या बर्थवरून एक गृहस्थ बघत होते. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि ‘चारचौघांत नाही’ अशा अर्थाची मान हलवली!

“अहो, मला द्यायला हरकत नाही! मी आहे!”

माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, तशा बाई आणखी ताठ झाल्या. रडला तरी द्यायची नाही!

पट्टा डोक्यावरून काढायला गेलो तो चष्म्यात अडकला, चष्मा कानात अडकला. सगळं सोडवून दरवाजाशी पोहोचलो तेव्हा फलाट संपत होता. खडी सरसर मागं पळत होती. उडी मारायचा विचार आला आणि पायांनी साफ नकार दिला. फलाटावर लांब नेत्राचा हिरवा पंजाबी ड्रेस दिसला, मिरचीएवढा झाला आणि नाहीसा झाला.

फोन पिशवीत. पाकीट पिशवीत. पिशवी साखळीत. आणि मी एसी डब्यात, बिनतिकिटाचा!

जागेवर येऊन बसलो. मला एकदम कचेरी दिसायला लागली. साहेब, त्यांच्या टेबलावरचं वर्तमानपत्र, आणि त्यात ‘जव्हारच्या लिपिकास रेल्वेत अटक’! निलंबन! सासुरवाडीला तर हे वर्तमानपत्र घरी येतं!

तेवढ्यात तो आला. काळा कोट.

“तिकीट?”

इंग्रिडबाईंनी त्यांचं तिकीट दाखवलं. टीसी माझ्याकडे वळला.

“साहेब, मी यांना सोडायला आलो होतो. माझे पाहुणे आहेत. पिशवी साखळीत अडकली आणि...”

टीसीनं बाकाखाली पाहिलं. परदेशी बॅगा, आणि त्यांना साखळीनं बांधलेली माझी पिशवी. त्याच्या भुवया वर चढल्या. त्यानं इंग्रजीत बाईंना विचारलं, “मॅडम, हा माणूस कोण आहे? तुमचा याच्याशी काय संबंध?”

चौकशी!

इंग्रिडबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ‘ओळखलं मी या खोट्या टीसीला’ असा डोळा मिचकावला आणि ठणकावून म्हणाल्या, “नाही, नाही!”

“याला ओळखत नाही तुम्ही?”

“नाही, नाही!”

“बाई, असं काय करता!” मी किंचाळलो.

“नाही, नाही, नाही!”

समोरच्या जाडजूड बाईंनी डबा बंद केला. “मी मघापासून बघतेय, साहेब! हा त्यांच्याकडे चावी मागत होता. रडून मागत होता!”

वरचे गृहस्थ खाली उतरले. “नवीन टोळी आहे ही. आपली पिशवी त्यांच्या बॅगांना बांधायची आणि सगळंच घेऊन उतरायचं!”

“रंजनाताई म्हणतात मला,” जाडजूड बाई पिनेनं केस आवळत म्हणाल्या, “एकदा पाकीटमाराला असा धरला होता, की तो स्वतःच पोलिसांना हाका मारत होता!”

“नाशिक रोडला पोलीस बोलावतो,” टीसी म्हणाला आणि त्यानं खरंच फोन काढला.

आता हसतोय, पण त्या वेळी मला नाशिक रोडची कोठडी दिसत होती. ओळखपत्र पिशवीत, आणि पिशवीला हात लावला की रंजनाताई ओरडायच्या, “हात वर!” मी हात जोडले.

आणि ओट्टो उठले.

खिडकीकडे तोंड करून ते इतका वेळ लाकडासारखे बसले होते. उठताना डोकं वरच्या बर्थवर आपटलं, तरी थांबले नाहीत. ओठ पार पांढरे. ते टीसी आणि माझ्यामध्ये येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्याहून जास्त थरथरत होता! खरा टीसी की खोटा, मारणार की लुटणार, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की मी घाबरलोय.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, “हा आमचा मित्र. याच्या घरी आम्ही राहिलो. हा चांगला माणूस आहे. फक्त... थोडा मूर्ख आहे.”

टीसीनं फोन खाली घेतला. मला नखशिखान्त न्याहाळलं.

“हे मात्र पटतंय,” तो म्हणाला.

“पण हा चौकशा करत होता ना?” इंग्रिडबाई गोंधळून मला म्हणाल्या. “काळा कोट कुठंही शिवून मिळतो, तुम्हीच सांगितलं!”

टीसीनं कोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेरची द्राक्षं बघायला लागलो.

इंग्रिडबाईंनी लपवायला दिलेली चावी ओट्टोंच्या मोज्यात निघाली. मुकाट्यानं दंड भरला. रंजनाताईंनी डबा पुन्हा उघडला, माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, “खा. तोंड बघा केवढंसं झालंय.” ओट्टोंनीही एक घेतला. डोळे घट्ट मिटून खाल्ला, आणि दुसरा मागितला.

नाशिक रोडला उतरलो. ओट्टोंनी खाली येऊन मिठी मारली. त्यांच्या छातीशी माझं डोकं आलं आणि लहान मुलासारखं पुन्हा रडू फुटायच्या बेतात होतं. “आत जा, गाडी सुटेल,” मी कसंबसं म्हणालो. ते गेले. गाडी हलली. काचेमागे दोघांचेही हात हलत राहिले.

मी बाकावर टेकलो आणि लगेच नेत्राला फोन लावला. बिचारी! फलाटावर बसून रडत असेल. पाण्याचा घोटही घेतला नसेल. स्टेशनमास्तरांपुढे पदर पसरला असेल!

“नेत्रा, घाबरू नकोस! मी जिवंत आहे!”

“हॅलो? जरा मोठ्यानं बोला, इथं फार गलका आहे. खोडाळ्याच्या बाजारात आहे मी.”

“बाजारात? अगं, मला पोलिसांत देत होते! टोळीतला समजले मला!”

“अगंबाई! मग?”

“मग सुटलो. ओट्टोंनी सोडवलं. अजून पाय थरथरताहेत माझे!”

“बरं झालं. चहा घ्या गरम.” मग म्हणाली, “ऐका ना, इथं वांगी मस्त आलीत. भरायची घेऊ की भरताची?”

मी निघून गेलेल्या गाडीकडे पाहिलं. थरथरत्या पायांकडे पाहिलं.

“भरताची घे,” मी म्हणालो.